नंदाताईंची खिंड

नंदाताई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं.

"नंबर किती?"

नाव नाही, गाव नाही, बसा-उठा नाही. मी गोंधळून अडतीस म्हटलं.

"माझे एकोणचाळीस आहेत. आत दोन मोजे घाल. रविवारी नऊला खाली ये." हातातली पिशवी माझ्या हातात देऊन त्या जिना उतरून गेल्यासुद्धा. पिशवीत चालायचे बूट होते. जुने, पण तेल लावून ठेवलेले.

तो माझा स्टुटगार्टमधला पहिला नोव्हेंबर. पुण्यातली चांगली नोकरी सोडून नवऱ्यामागे आले होते. समीर अंधारात ऑफिसला जायचा, अंधारात परत यायचा, आणि मधल्या वेळात मी खिडकीतून समोरच्या घराचं छप्पर बघायची. दिवसभरात बोलणं काय ते दुकानातल्या बाईशी, तेही "हालो" आणि "च्युस" एवढंच. आपली बायको घराबाहेर पडत नाही, असं समीर दिवाळीच्या फराळाला कुणाला तरी सांगत होता, ते नंदाताईंनी ऐकलं. ऐकून "अरेरे" म्हणणारे बरेच होते. बूट घेऊन आल्या त्या एकट्याच. तो हिवाळा मी त्या बुटांच्या जोरावर काढला, हे मी आजही कुणालाही सांगते.

दिसायला म्हणाल तर चार जणींत उठून दिसणारं काही नाही. बुटक्या, काटक, पांढऱ्या केसांची एक घट्ट वेणी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा आणि पुरुषी चौकड्यांचा शर्ट. मूळच्या नाशिकच्या. कॉलेजात असताना मुलांच्या बरोबरीने कडे चढायच्या आणि घरी येऊन त्याबद्दल बोलणी खायच्या. इंजिनिअर होऊन जर्मनीला आल्या आणि इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. का, असं विचारायची सोय त्यांनी कुणाला ठेवली नव्हती.

नोकरी होती गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. तिथे एका खोलीत मोठं यंत्र होतं. त्याच्यावर भाग बसवायचा आणि तो तुटेपर्यंत गदागदा हलवायचा, हे त्यांचं काम. "लोक वस्तू तुटली की रडतात, आम्हाला पगार मिळतो," म्हणायच्या. "प्रत्येक वस्तू कुठेतरी तुटतेच गं. कुठे तुटणार ते आधी माहीत असलं म्हणजे झालं." हे वाक्य त्या दिवाळीच्या फुटलेल्या चकलीपासून माणसांच्या लग्नांपर्यंत कशालाही लावत.

रविवारचं चालणं हा त्यांचा खरा संसार. आसपासची दहाबारा मराठी माणसं, कुणी पीएचडीची पोरं, कुणी माझ्यासारख्या नवऱ्यामागे आलेल्या. पावसात भिजलेल्या जंगलातून, द्राक्षांच्या मळ्यांतून नाहीतर श्वेबिशे आल्बच्या कड्यांवरून त्या आम्हाला फिरवायच्या. नियम एकच: सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे. बाकीचे त्याच्या मागे, आणि त्याला ओलांडायचं नाही. स्वतः नंदाताई सगळ्यांच्या शेवटी. धाप लागायला लागली की मागून आवाज यायचा, "बोलणं थांबवू नका, चालणं थांबवा!" गप्पा मारता येतील एवढाच वेग. "ज्याला घाई आहे त्याने एस-बानच्या लोकलने जावं, तिकीट मी काढून देते."

आमच्या समीरला हे पटायला वेळ लागला. तो पहिल्यांदा आला तेव्हा मनगटावर नवंकोरं घड्याळ होतं. पावलं मोजणारं, ठोके मोजणारं, चढ मोजणारं. वाटेवरच्या पिवळ्या पाटीवर दोन तास लिहिलं होतं. हा पठ्ठ्या सगळ्यांना मागे टाकून सव्वा तासात वरच्या झोपडीवर पोचला आणि आम्ही येईपर्यंत तिथे थंडीत काकडत बसला. नंदाताई सगळ्यांच्या मागून आल्या, पाठपिशवी उतरवली, डब्यातला गूळ-शेंगदाणा त्याच्यापुढे धरला आणि फार मायेने विचारलं, "मग समीर, वाटेत कोण कोण भेटलं?"

समीर गूळ चघळत म्हणाला, "कोणी नाही."

"बघ. आम्हाला तू सोडून सगळे भेटले."

रागावल्या नाहीत, टोमणा म्हणूनही बोलल्या नाहीत. पण पुढच्या रविवारपासून माझा नवरा रांगेत चालायला लागला. लग्नाच्या इतक्या वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते त्यांनी मूठभर शेंगदाण्यांवर करून दाखवलं.

जर्मन लोकांचं त्यांच्याशी छान जमायचं, पण आल्प्स मात्र त्यांना मनापासून आवडला नाही. "सुंदर आहे, गेनाऊ, अगदी बरोबर, सगळं मान्य," म्हणायच्या. "पण डोंगराला पण पाट्या लावल्यात. इथून बघा, इथे बसा, इथे बसू नका. आणि वर गेलं की बिअर. डोंगरात माणसं राहिली पाहिजेत. कोंबड्या पाहिजेत, भुंकणारी कुत्री पाहिजेत, 'कुठून आलात, जेवलात का' विचारणारी म्हातारी पाहिजे. नुसता डोंगर काय बघायचा?"

असा डोंगर त्यांना मोरोक्कोत सापडला होता, अ‍ॅटलासमध्ये. पूर्वी कधीतरी एकट्याच गेल्या आणि मग दर वर्षी मे महिन्यात जायला लागल्या. तिथल्या गावांना आपण बर्बर लोकांची गावं म्हणतो. ती माणसं मात्र स्वतःला अमाझिग म्हणवतात, आणि आपणही तेच म्हणायचं, असा नंदाताईंचा दंडक होता. त्या सांगायच्या ते ऐकून आम्हाला तिथली घरं पाठ झाली होती: दगडमातीची, डोंगराच्याच रंगाची, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण. आणि तिथल्या इज्जाबद्दल तर इतकं ऐकलं होतं की ती आपल्याच नात्यातली कुणी असावी असं वाटायचं. इज्जा म्हणजे खिंडीपलीकडच्या गावातली नंदाताईंच्या वयाची बाई. हिला तिची भाषा येत नव्हती, तिला हिची. नंदाताई तिच्याशी सरळ मराठीत बोलायच्या. "तिला जर्मन तरी कुठे येतं? मग मराठी काय वाईट आहे!"

अखेर एका मे महिन्यात आम्हीही गेलो. मी, समीर, आमची जर्मनीतच जन्मलेली, तेरा वर्षांची रेवा आणि रविवारच्या रांगेतले आणखी चौघं. माराकेशहून जीप, मग जीपचा रस्ता संपला तिथे ब्राहिम आणि त्याची दोन खेचरं. ब्राहिम नंदाताईंचा जुना वाटाड्या. पर्यटकांकडून उचललेलं जर्मन बोलायचा, एकही क्रियापद जागेवर नाही पण अडायचा कधीच नाही.

पहिल्या दिवशी अक्रोडाच्या झाडांमधून, जवाच्या हिरव्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांमधून चाललो. माती तांबडी, पाटाचं पाणी पायाशी, वर अजून बर्फाचे पट्टे. रेवा नेहमीप्रमाणे पुढे होती, कारण नेहमीप्रमाणे तीच सगळ्यात हळू होती. तासाभराने तिने ठेवणीतलं वाक्य काढलं, "इश कान निश्त मेअर!" म्हणजे आता माझ्याने होत नाही. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते जर्मन.

"होत नाही तर बस की," नंदाताई मागून म्हणाल्या. "पण बसून काय दिसतं ते मला सांगायचं."

रेवा बसली. आणि मग चिडत चिडत का होईना, खालचा ओढा, ओढ्यात रजया धुणाऱ्या बायका आणि छपरावर चढलेली शेळी असं सगळं सांगायला लागली. पाच मिनिटांनी स्वतःच उठली.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी अंगणात बूट काढताना मी पाहिलं. नंदाताईंना उजव्या पायातला बूट काढता येत नव्हता. त्या वाकतच नव्हत्या. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "ओढ. जोरात ओढ, मी ओरडले तरी लक्ष देऊ नकोस."

त्या ओरडल्या नाहीत. पण ओठ पांढरे पडले.

"नंदाताई, काय झालंय?"

"खुबा गेलाय. पार झिजलाय, हाडाला हाड घासतंय. परत गेल्यावर पुढच्या आठवड्यात कापून नवा बसवणार आहेत." हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का? आणि मला येऊ दिलं असतं का?" मी काढलेला बूट भिंतीशी नीट ठेवला. मग चहाचा छोटा पेला हातात फिरवत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ, नवा येईल तो चांगलाच असेल. जर्मन माल. पण डॉक्टर म्हणाला, अशी चढउतार विसरा आता. इज्जाकडे जायला मी दर वेळी ही खिंड चालत ओलांडलीये. जीप येते तिच्या गावात पलीकडून, कधी बसले नाही. एकदा शेवटची ओलांडायची आहे. माझ्या पायांनी. एवढंच."

त्यांच्याकडून स्वतःसाठी काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेचरांवर सामान चढलं, सगळे सवयीने रांगेला लागले, रेवा पुढे जाऊन उभी राहिली. नंदाताई मागून चालत आल्या, तिच्याही पुढे गेल्या आणि काठ्या टेकवून चालू लागल्या. रेवाने माझ्याकडे पाहिलं. समीरने पाहिलं. आजवर त्यांची पाठ आम्ही कुणीच पाहिली नव्हती. मग सगळ्यांना कळलं, आणि आम्ही त्यांच्या मागे निघालो.

चढ वेड्यावाकड्या वळणांचा. त्या एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, दुसरं ओढून घ्यायच्या. समीरच्या घड्याळाला वाटलं हा बसलाय. दर थोड्या वेळाने ते टुणकन वाजायचं आणि व्यायाम संपला का विचारायचं. चौथ्यांदा वाजल्यावर त्याने ते काढून खिशात कोंबलं. नंदाताई पुढून ओरडल्या, "वाजू दे रे! मला सोबत होते."

दुपारपर्यंत निम्मा चढ झाला. मेंढपाळांचा एक दगडी गोठा लागतो, तिथे पोचलो आणि वारा सुटला. खिंडीवर ढग उतरायला लागला. ब्राहिमने वर पाहिलं, खेचराच्या कानांकडे पाहिलं आणि नंदाताईंजवळ येऊन अदबीने उभा राहिला. "माडाम, वेटर निश्त गूट." हवा बरी नाही, गारा येणार. या वेगाने गेलो तर खिंडीत सापडू. एक तर इथूनच परत फिरायचं, नाहीतर माडामनी खेचरावर बसायचं.

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. परत जाऊ, काय होतंय. गोठ्यात थांबू. समीर तर म्हणाला आळीपाळीने हात देऊ. त्यांच्यासाठी ही खिंड काय आहे ते एव्हाना सगळ्यांना मी सांगितलं होतं.

नंदाताईंनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी खिंडीकडे पाहिलं, मग मागे वळून रेवाकडे पाहिलं. रेवाचे दात वाजत होते. मला वाटतं, तेवढ्यात त्यांचं ठरलं.

"खेचर आण," त्या ब्राहिमला म्हणाल्या. मराठीतच. त्याला कळलं.

ब्राहिमने आणि समीरने त्यांना उचलून वर बसवलं. रेवा खोगीर धरून शेजारून चालली. आता आम्ही भराभर निघालो. खिंडीत पोचलो तेव्हा वारा असा होता की उभं राहवत नव्हतं. कुणी फोन बाहेर काढला नाही. तेव्हा नंदाताईच ओरडल्या, "अरे काढा की फोटो! खेचराचा चांगला येऊ दे, चढलंय ते!" आणि हसल्या. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात त्या हसताहेत, खेचर कंटाळलंय आणि बाकी सगळ्यांचे चेहरे मयतीला आल्यासारखे आहेत.

पलीकडे निम्मं उतरलो आणि मागे खिंड गारांनी पांढरी झाली. मला फार रडू आलं. त्या अंदाज चुकून खेचरावर बसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या बरोबर होत्या, हेच सहन होईना.

इज्जा गावाच्या वेशीपर्यंत आली होती. नंदाताई खेचरावरून येताहेत हे बघून तिने कपाळावर हात मारला आणि तिच्या भाषेत काहीतरी भडाभडा बोलली.

"हो बाई, झाले म्हातारी," नंदाताई मराठीत म्हणाल्या. "उतरव आता."

इज्जाने त्यांना धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं. तेल गरम केल्याचा वास आला, मग नंदाताईंच्या शिव्या आल्या आणि मग दोघींचं हसणं. आम्ही बाहेर जवाची गरम भाकरी मधात बुडवून खात बसलो होतो. आतून हसणं ऐकून ब्राहिम म्हणाला, "गूट." आम्हीही गूट म्हणालो.

सकाळी आभाळ लख्ख. खिंड एवढी जवळ दिसत होती की हात लांब करावा. जीप दाराशी आली, दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं. आम्ही सामान चढवलं तरी नंदाताई ओट्यावर बसूनच होत्या.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी राहते तीन दिवस. ब्राहिम सोडेल मला."

समीरचा ताबा सुटला. "आल्झो, असं कसं, नंदाताई! पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे तुमचं. तिकीट बदलायला लागेल. इन्शुरन्सला काय सांगणार? वर काही झालं तर? इथे ना डॉक्टर, ना रेंज. मी तुम्हाला असं सोडून जाणार नाही, सांगून ठेवतो!"

नंदाताईंनी त्याचं सगळं बोलून होऊ दिलं. मग त्याचा हात धरून त्याला खाली शेजारी बसवलं.

"समीर, काल मी खेचरावर बसले ती तुमच्यासाठी. आज तू जीपमध्ये बसायचंस, माझ्यासाठी."

तो उठला आणि जीपमध्ये जाऊन बसला. डोळे पुसत होता, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. रेवाने खाली उतरून नंदाताईंना मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. काय ते दोघींनीही सांगितलं नाही. जीप वळली तेव्हा इज्जा आतून एक काळी किटली घेऊन बाहेर येत होती.

पुढचे दिवस आम्ही फोनकडे बघत काढले. समीरने रेस्क्यूचे नंबर शोधून ठेवले होते. फोन आला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलमध्ये, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. त्याच आठवड्यात आम्ही सुट्टीला पुण्याला गेलो, आणि तेवढ्यात त्यांचे भाऊ येऊन रेहामधूनच, म्हणजे ऑपरेशननंतर चालायला शिकवतात त्या केंद्रातूनच, त्यांना नाशिकला घेऊन गेले. रेंटे, म्हणजे इथली पेन्शन, सुरू झाली होती, इथे पाय अडकायला काही राहिलं नव्हतं. फोनवर बोलतो. छान आहेत, सपाट रस्त्यावर चालतात आणि रस्त्यांना नावं ठेवतात. इथे रविवारची रांग आता समीर नेतो. तो शेवटी चालतो आणि कुणी पुढे पळालं तर फार मायेने बोलतो, ते ऐकून मला हसू आवरत नाही.

तर त्या सकाळी आम्ही तिघं खोलीत शिरलो आणि त्यांच्याकडे बघतच राहिलो. पांढऱ्या चादरीत, हिरव्या गाऊनमध्ये, चेहरा उन्हाने काळाठिक्कर पडलेला, नाकाची सालं निघालेली. नर्सबाई मला विचारत होती, या सुट्टीला समुद्रावर गेल्या होत्या का?

मी पलंगाजवळ गेले. विचारायचा धीर होत नव्हता. रेवानेच विचारलं, "वार्स्त दू ओबेन?" वर पोचलीस?

"पोचले की!" नंदाताई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी निम्म्या चढापर्यंत गेले आणि परत आले. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. कधी चालत, कधी बसून सरकत, शेवटी शेवटी तर रांगत. शिव्या देत. इज्जा पुढे किटली घेऊन. मी बसले की ती पण बसायची, मी उठले की उठायची, एकदा म्हणून हात दिला नाही तिने. शहाणी बाई आहे. वर गेल्यावर दगडांच्या आडोशाला चहा केला. गोड होता, फार गोड. तिने एक पेला मला दिला आणि एक खुब्यावर ओतला. नैवेद्य गं!"

आणि इतकं मोठ्याने हसल्या की शेजारच्या पलंगावरची म्हातारी दचकली.

पलंग न्यायला दोघं आले. डॉक्टरांनी नेमक्या पायावर पेनाने बाण काढून ठेवला होता. नंदाताईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि मान टेकवली.

"चला," त्या म्हणाल्या, "आता कापू देत त्यांना काय कापायचंय ते."

पलंग लिफ्टकडे निघाला. चादर आखूड पडत होती, त्यामुळे पाय बाहेर राहिले होते. नर्सबाईंनी धुऊन, पुसून, औषध लावून ते स्वच्छ केले होते, पण टाचांच्या भेगांमध्ये तांबडी माती अजून तशीच होती.